घोडे बदलायचं गाव

बदलापूर हे नाव कसं पडलं याची गोष्ट आमच्या गावात प्रत्येकाला लहानपणीच ऐकायला मिळते. मराठेशाहीत लांबच्या मजला मारणारे घोडेस्वार इथे थांबायचे, थकलेला घोडा द्यायचे, ताजा घ्यायचे आणि पुढे जायचे. घोडे बदलायचं गाव म्हणून बदलापूर. खरं-खोटं इतिहासकार जाणोत. पण आम्ही बदलापूर गावातले, म्हणजे स्टेशनापासून लांब, उल्हास नदीच्या बाजूचे. स्टेशन प्रत्यक्षात कुळगावात आणि नाव मात्र आमचं, त्यामुळे या गोष्टीवर आमचा हक्क जरा जास्त!

मला लहानपणी या गोष्टीत एकच शंका होती. स्वार ताज्या घोड्यावर बसून गेला हे ठीक, पण थकलेल्या घोड्याचं पुढे काय व्हायचं? मी बाबांना विचारलं होतं. ते तेव्हा बँकेतून येऊन पायरीवर पाय धूत होते. म्हणाले, "त्याचा चारा बांधून दिलेला असणार. नाहीतर इतकी वर्षं कोण पळेल?"

गेल्या रविवारी गावातल्या घरी गेलो होतो, तेव्हा हे सगळं आठवलं. ताईचा मुलगा आला होता. यंदा इंजिनियर झालाय. एका मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, पण रुजू कधी व्हायचं ते कंपनी सांगत नाही. दर महिन्याला एक गोड ईमेल येते, थोडं थांबा म्हणून. "मामा, तू इतकी वर्षं इंटरव्ह्यू घेतोस, तूच सांग, मी थांबू की दुसरीकडे बघू?" असं तो विचारत होता आणि बाबा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. त्यावरून जे बोलणं निघालं ते लिहून ठेवावंसं वाटलं. जरा लांबण लागेल, पण आमच्या घरातली मंडळी हा ब्लॉग वाचतात आणि त्यांना सवय आहे.

आधी बाबांचं. बाबा १९६६ साली एका बँकेत क्लार्क म्हणून लागले, फोर्टमधल्या शाखेत. त्यांची परीक्षा म्हणजे दहा गणितं आणि एक पान शुद्धलेखन, अक्षर बघायला. मग मुलाखत. साहेबांनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाले, "बदलापूर? रोज जाऊन-येऊन करणार?" तेव्हा बदलापूरला थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच. बाबा हो म्हणाले आणि नोकरी लागली. पुढची ३५ वर्षं त्यांनी ते "हो" निभावलं. जून आणि डिसेंबरात बचत खात्यांचं व्याज काढायचं काम असायचं. एकेक लेजर उघडून हाताने व्याज मांडायचं, आणि बेरीज चार आण्यांनी चुकली तरी रात्रीपर्यंत शोधत बसायचं. त्या दिवसांत बाबा शेवटच्या गाडीने यायचे आणि आई ताट झाकून ठेवायची.

बाबा युनियनवाले होते. आणि त्या काळचे युनियनवाले म्हणजे कॉम्प्युटरचे विरोधक! आज हे हास्यास्पद वाटतं. मलाही अनेक वर्षं वाटायचं, आणि कॉलेजात असताना मी बाबांची यावरून यथेच्छ टिंगल केली आहे. पण तो काळ समजून घ्यायला हवा. साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने कलकत्त्याच्या इलॅको हाउसमध्ये कॉम्प्युटर बसवायचं ठरवलं, तेव्हा कर्मचाऱ्यांनी तो आत येऊ नये म्हणून इमारतीवर पहारे दिले. प्रकरण इतकं तापलं की सरकारने ऑटोमेशनवर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपल्या पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर, आणि अहवाल आला १९७२ साली. म्हणजे प्रश्न फक्त चार आडमुठ्या कारकुनांचा नव्हता. ज्या देशात एका जागेला शेकडो अर्ज येतात तिथे माणसाचं काम यंत्राला द्यावं का, हा प्रश्न दांडेकरांसारख्या माणसापुढे ठेवावा इतका तो गंभीर होता.

बँकांमध्ये तो सुटला वाटाघाटीने. १९८३ साली बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. कुठली यंत्रं आणायची, किती आणायची, ती चालवणाऱ्याला किती भत्ता द्यायचा, सगळं लिहून. आणि मुख्य म्हणजे यंत्रापायी कोणाची नोकरी जाणार नाही. मग रंगराजन समितीचा १९८४ चा अहवाल आला, आणि शाखाशाखांतून ए.एल.पी.एम. नावाची यंत्रं आली. अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन. नाव बघा, त्यात कॉम्प्युटर हा शब्दच नाही! बाबा त्या यंत्रावर बसायचे आणि वर भत्ताही घ्यायचे. विरोधकच पहिले ऑपरेटर झाले.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. बाबा फोर्टमध्ये लेजर ओढत होते, तेव्हा तिथून चालत वीसेक मिनिटांवर, नरिमन पॉइंटला, वेगळाच इतिहास घडत होता. टाटांनी १९६८ साली टीसीएस सुरू केली. सुरुवातीचं काम अगदी साधं, पंचकार्डांवर टाटांच्याच पोलाद कंपनीचे हिशेब वगैरे. १९६९ साली टाटांच्या वीज कंपनीतून फकीरचंद कोहली तिथे आले, ज्यांना पुढे भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे जनक म्हटलं गेलं. १९७४ साली या कंपनीने पहिलं परदेशी काम केलं. अमेरिकेतल्या बरोज कंपनीच्या एका जातीच्या यंत्रावर चालणारी हॉस्पिटलची प्रणाली त्याच कंपनीच्या दुसऱ्या जातीच्या यंत्रावर चालेल अशी करून द्यायची. भाषा कोबॉल. गंमत म्हणजे हे सगळं काम झालं ते मुंबईतल्या आयसीएल १९०३ या ब्रिटिश यंत्रावर! ज्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहायचा ते समोर नसताना तो दुसऱ्यावर घडवून पाठवायचा. आज लाखो लोक जे करतात त्याची सुरुवात अशी झाली.

त्या काळच्या मुलाखतींच्या गोष्टी वाचल्या की मला हेवा वाटतो. १९७४ सालीच बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर शिकणाऱ्या एका मुलीने टेल्कोची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी त्यात तळटीप होती. तिने थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. कंपनीने तिला मुलाखतीला पुण्याला बोलावलं आणि नोकरीही दिली. त्या म्हणजे सुधा कुलकर्णी, नंतरच्या सुधा मूर्ती. आणि १९७८ साली आयआयटी मुंबईतून नुकताच बाहेर पडलेला एक मुलगा पटणी कॉम्प्युटर्समध्ये नोकरी मागायला गेला. मुलाखत घेणारे होते नारायण मूर्ती, आणि देणारा नंदन नीलेकणी. तीन वर्षांनी, १९८१ साली, हे दोघं आणि आणखी पाच जण पटणीतून बाहेर पडले आणि त्यांनी पुण्यात इन्फोसिस काढली. एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन माणसांतून केवढं काय उभं राहिलं!

तेव्हा मुलाखत म्हणजे माणसाने माणसाला जोखणं होतं. पुढे उमेदवार इतके वाढले की ते परवडेना. मग आधी चाळणी, मग चाळणीची चाळणी. माझ्या पिढीने ती चाळणी अनुभवली.

मी २००० साली इंजिनियर झालो. वायटूकेची धामधूम नुकतीच संपली होती. आमच्या हॉस्टेलवर ज्ञानेश्वरीसारखं पारायण चालायचं ते नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'चं. त्या पुस्तकाने किती मराठी पोरांना नोकरीला लावलं याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा. सोबतीला शकुंतलादेवींची कोडी. आधी अॅप्टिट्यूड, मग ग्रुप डिस्कशन, मग टेक्निकल, मग एचआर. मी या सगळ्यातून पार झालो, ऑफर लेटर मिळालं, गावात पेढे वाटले.

आणि २००१ उजाडलं. डॉट-कॉमचा फुगा फुटला होता, सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले, आणि माझी रुजू होण्याची तारीख पुढे-पुढे जात शेवटी नाहीशीच झाली. (कंपनीचं नाव लिहीत नाही. तेव्हा असं करणाऱ्या अनेक होत्या.) भाच्याला येतात तशाच गोड शब्दांतली पत्रं मलाही येत होती, फक्त कागदावर.

त्याच वर्षी सरकारी बँकांमध्ये व्ही.आर.एस. आली. देशभरात सुमारे १ लाख कर्मचाऱ्यांनी ती घेतली, त्यात बाबाही होते. १९८३ चा करार त्यांनी मोडला नाही, कोणाला काढलं नाही, फक्त पैसे पुढे ठेवून दार उघडलं. बाबांना पैसे मिळाले त्याच्या दुसऱ्या महिन्यात त्यांनी मला दादरला नेऊन असेंबल केलेला पीसी घेऊन दिला, घरी बसून सराव करायला. आयुष्यभर कॉम्प्युटरला विरोध केल्याच्या बदल्यात मिळालेल्या पैशांतून! मी तेव्हा हसलो होतो. ते नाही हसले. म्हणाले, "मी यंत्राशी भांडलो नव्हतो रे. यंत्र आणणाऱ्याशी बोलणी करत होतो."

२००२ साली अंधेरीला एका कंपनीच्या मुलाखतीला गेलो. रांग फाटकाबाहेर रस्त्यावर आली होती. तीन फेऱ्या झाल्या. लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखव. आठ गोळ्यांतला एक जड आहे, तराजू दोनदाच वापरून शोध. गटाराचं झाकण गोल का असतं? शेवटी एचआरच्या बाई. त्यांनी माझा कागद बघितला आणि म्हणाल्या, "बदलापूर? रोज अप-डाउन करणार?" मी हो म्हणालो. ३६ वर्षांनी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते प्रथमच मनापासून हसले.

मग कंपनीने ऐरोलीला पाठवलं. ठाण्यापर्यंत लोकल, पुढे बस, बसला मरणाची गर्दी. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तेव्हा आम्हा कल्याणपलीकडच्या लोकांना देव भेटल्यासारखं झालं. ठाण्याला उतरायचं, पूल चढायचा, दुसरी गाडी पकडायची. आमच्या गाडीतला ग्रुप त्याला घोडे बदलणे म्हणायचा. त्याच काळात बदलापूरही बदललं. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर लाखाच्या आसपास होतं, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास गेलं. जागा परवडते म्हणून आलेली कुटुंबं, आणि त्यातली किती तरी आमच्यासारखी, पहाटे डबा घेऊन संगणकासमोर बसायला निघालेली.

२६ जुलै २००५ ला उल्हास गावात शिरली. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. बाबांची युनियनची कागदपत्रं खालच्या कपाटात होती, ती सगळी भिजली. पाणी ओसरल्यावर त्यांनी सगळ्यात आधी ती दोरीवर वाळत घातली, रेशनकार्डाच्याही आधी. आई चिडली होती. मला तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं वेड वाटलं.

२००८ पासून मी स्वतः मुलाखती घ्यायला लागलो. आतापर्यंत चारेकशे तरी झाल्या असतील. सुरुवातीला मीही कोडी घालायचो, कारण मला घातली होती. सासूने केलं ते सुनेने करायचं, तसंच. पुढे २०१३ साली गूगलचे मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी एका मुलाखतीत कबूल केलं की असल्या कोड्यांनी वेळ वाया जातो, त्यांवरून माणूस कसं काम करेल ते काहीच कळत नाही. ते वाचून मला हायसंही वाटलं आणि लाजही वाटली. केवळ गोळ्या मोजता आल्या नाहीत म्हणून मी परत पाठवलेली पोरं आठवली.

पण एक आठवण चांगली आहे. २०११ साली वांगणीचा एक मुलगा समोर आला होता. प्रश्न अडला. बाकीचे अशा वेळी काहीतरी ठोकून देतात. हा म्हणाला, "सर, हे मला येत नाही. पण दहा मिनिटं द्या, कागदावर करून बघतो." बारा मिनिटं लागली, पण झालं. मी त्याला घेतला. शेवटी न राहवून मीही विचारलंच, "वांगणीहून रोज येणार?"

हा मुलगा चौदा वर्षं माझ्या आसपास काम करत होता.

२०२५ साल आमच्या धंद्यात कसं गेलं ते बहुतेकांना ठाऊक आहे. जुलैमध्ये टीसीएसनेच जाहीर केलं की सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार. सगळीकडे एआयची चर्चा. माझी कंपनी वेगळी, पण वारा तोच. मला एक एक्सेल शीट आली. माझ्या हाताखालच्या माणसांची नावं आणि पुढे आकडे भरायचे रकाने. शीट कशासाठी आहे ते लिहिलेलं नव्हतं, पण न कळण्याइतका मी नवखा नाही. वांगणीच्या मुलाचं प्रोजेक्ट नुकतंच संपलं होतं आणि नवं मिळालं नव्हतं. मी आकडे भरले. प्रामाणिकपणे भरले असं मी स्वतःला सांगतो. पंधरा दिवसांनी त्याला एचआरचा फोन आला, तो अकरा मिनिटं चालला. त्यानंतर त्याने मला फोन केला. "सर, तुम्हाला माहीत होतं का?"

मी नाही म्हणालो.

हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. रविवारी बाबांना सांगितलं. भाचाही ऐकत होता. बाबा रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त विचारलं, "ती शीट आल्यावर तू कोणाशी बोललास?" कोणाशीच नाही. "तुझ्यासारख्या बाकीच्यांनाही आली असेल ना?" आली होती. "मग तुम्ही एकत्र बसला नाहीत?" नाही. पुण्यात नाइट्ससारखी आयटीवाल्यांची संघटना आहे, ती सरकारला तक्रारींची पत्रं लिहिते, हे मी पेपरात वाचलेलं. पण आम्ही स्वतःला कामगार समजलोच नाही कधी. पगार चांगला, ऑफिसात एसी, आमचा काय संबंध?

मी त्यांना म्हणालो, "बाबा, पण तुमच्यामुळे बँका मागे राहिल्या. ड्राफ्टसाठी लोक तासन् तास उभे असायचे. सगळ्यांनी तुमच्यासारखं अडवलं असतं तर मला नोकरी कुठून लागली असती?" त्यांनी ते मान्य केलं. म्हणाले, "ते आमचं चुकलंच. यंत्र फक्त काम खाईल असं वाटायचं, ते तुम्हाला काम देईल हे दिसलं नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पण ज्याचं काम जाईल त्याचं काय, हे आम्ही आधी विचारलं होतं. तुम्ही तर प्रश्नच विचारला नाहीत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. १९८३ सारखा करार आज होऊ शकेल असं मला वाटत नाही. आमच्या कंपन्या दहा देशांत पसरल्या आहेत, गिऱ्हाईक अमेरिकेत आहे, आणि ज्याला अडवायचं ते यंत्र कुठल्या दारातून येतही नाही, इमारतीवर पहारा कुठे देणार? पण तीन महिने आधी सांगणं, चौदा वर्षांच्या माणसाला दुसरं काम शिकायला मुदत देणं, हे मागायला मोर्चा लागत नाही. आम्ही पाच-सहा मॅनेजरांनी मिळून एक ईमेल लिहिली असती तरी निदान विचारलं असं झालं असतं. कदाचित काहीच झालं नसतं. पण त्याच्या फोनवर मला खोटं बोलावं लागलं नसतं.

भाच्याला मी सांगितलं की थांबू नकोस, दुसरीकडे बघ, ऑफर लेटर हे वचन असतं असं समजून मी वर्ष घालवलं होतं. मग ओटीवर बसून त्याची सराव मुलाखत घेतली. पोरगा हुशार आहे, कोड भराभर लिहितो. शेवटी बाबा म्हणाले, मी एक विचारू? "समज, तुझ्या हाताखाली दहा माणसं आहेत. यंत्र आलं, आता सातच लागतात. काय करशील?" तो गोंधळला. माझ्याकडे बघायला लागला. "आजोबा, हे कोणी नाही विचारत."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

संध्याकाळी मी नदीच्या बाजूला चक्कर मारायला गेलो आणि वांगणीच्या मुलाला फोन लावला. शीट आली होती, आकडे मी भरले होते, आणि त्या दिवशी खोटं बोललो, असं सरळ सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मला वाटलंच होतं." मी माफी मागितली. त्यावर तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याची एका ठिकाणी मुलाखत आहे, चौदा वर्षांत पहिली. सराव घ्यायला येऊ का म्हणून विचारलंय. शनिवारी बदलापूरला उतरण्याऐवजी एक स्टेशन पुढे जाईन म्हणतो. असो.